घाटात गाडी मागे फिरायची

गेले चार-पाच महिने मी एका स्टेशनाच्या मागे लागले आहे. गंमत म्हणजे ते स्टेशन आता अस्तित्वातच नाही. आणि होतं तेव्हाही त्याला स्वतःचं असं गाव नव्हतं, बाजार नव्हता, बाहेर टांगे उभे राहत नव्हते. नावसुद्धा धड नाव नव्हतं, नुसतं कामाचं वर्णन होतं: रिव्हर्सिंग स्टेशन. बोरघाटात, खंडाळ्याच्या खाली, कड्याच्या टोकावर. १८६३ ते १९२९, म्हणजे सहासष्ट वर्षं, मुंबई-पुण्याच्या गाड्या तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊच शकत नव्हत्या.

पनवेलला राहणाऱ्या, रेल्वेशी काडीचा संबंध नसलेल्या बाईला याचं काय एवढं, असं तुम्ही विचाराल. घरातले तर रोजच विचारतात. तर त्याचं कारण आहे आमचा कुलवृत्तांत.

आमच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. पनवेलच्या शाखेची माहिती तपासून द्यायचं काम चुलतभावाने माझ्या गळ्यात टाकलं. जुन्या आवृत्तीत आजीच्या नावापुढे छापलंय: जन्म १९१८, विवाह १९३२. बस्स, एक ओळ. १९१८ बद्दल कुणाचं दुमत नाही, कारण ती मानमोडीच्या साथीत जन्मली. त्या साथीत तिच्या माहेरची तीन माणसं गेली आणि ही बाळंतिणीच्या खोलीत जगली, हे तिच्या माहेरी पुण्याला सगळ्यांना पाठ होतं. प्रश्न होता तो १९३२ चा.

१९३२ या आकड्याला आमच्या घरात फार मान आहे. पणजोबा शाळामास्तर, सुधारक विचारांचे. हरविलास सारडा यांनी आणलेला बालविवाहबंदीचा कायदा २८ सप्टेंबर १९२९ ला मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय किमान चौदा, मुलाचं अठरा. (आपल्याकडे सगळे त्याला 'शारदा कायदा' म्हणत, देवलांचं नाटक डोक्यात असल्यामुळे असेल.) कायदा लागू होण्याआधी उरकून टाकू म्हणून तेव्हा ठिकठिकाणी लहान लहान पोरींची लग्नं लावली गेली. आमच्या पणजोबांनी मात्र तसलं काही केलं नाही, सून चौदा वर्षांची झाल्यावरच मुलाचं लग्न केलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरातल्या प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी ही गोष्ट सांगतंच.

आजी स्वतः मात्र कधी ती गोष्ट सांगायची नाही. ती वेगळीच सांगायची.

तिची गोष्ट अशी. लग्न पुण्याला झालं आणि वरात पनवेलला निघाली. आगगाडीने कर्जतपर्यंत, पुढे बैलगाडीने चौकावरून. पाठराखीण म्हणून तिची एक विधवा आत्या बरोबर होती. आजी खिडकीशी बसली होती. खंडाळा गेलं, थोड्या वेळाने गाडी थांबली. माणसांची पळापळ, हातात कंदील, इंजिनाच्या वाफेचा आवाज. आणि मग गाडी उलटी चालायला लागली. ज्या तोंडाने बसली होती त्याच्या उलट बाजूला. "मला वाटलं, चला, आता परत सोडायला निघाले. मी आत्याला म्हटलंसुद्धा, आपण घरी चाललो ना? ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसले तिने. मग मला वाटलं, खरंच चाललोय."

हे सांगताना ती हसायची. आणि पुढे एक वाक्य नेहमी असायचं, "मला अकरावं लागलं होतं तेव्हा." यावर काका किंवा बाबा म्हणायचे, "आई, अकरावं कसं? चौदा पुरी होतीस तू. आणि गाडी घाटात मागे कशी फिरेल? झोप लागली असेल तुला." मग ती गप्प व्हायची किंवा विषय बदलायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मला एकदम ते उलटं चालणं आठवलं आणि मी शोधायला बसले.

पहिल्याच दिवशी एक जुनं पोस्टकार्ड सापडलं. इंटरनेटवर अशी डझनभर आहेत. डोंगराच्या सोंडेवर सपाट केलेली चिंचोळी जागा, तिच्यावर दोन-तीन रूळ, पलीकडे नुसती दरी. खाली छापलेलं नाव: रिव्हर्सिंग स्टेशन, बोरघाट. साहेबाला त्या जागेचं भारी कौतुक होतं असं दिसतं, कारण त्या काळातल्या घाटाच्या चित्रांत ती हमखास आहे. मग मी पुणे जिल्ह्याचं १८८५ सालचं गॅझेटियर उघडलं, ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं उघडलं. (पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून आपलं पनवेल त्यात.) आणि मग एकातून एक निघतच गेलं.

आधी पनवेलचंच सांगते, कारण त्याशिवाय घाट कळत नाही. रेल्वेच्या आधी मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरायचं आणि तिथून गाडीरस्त्याने घाट चढायचा. बोरघाटातला चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला. पनवेलचा मोठा धंदा कुठला, तर बैलगाडीची चाकं बनवण्याचा. देशावरून माल घेऊन उतरलेले गाडीवान परत जाताना इथून चाकांची जोडी घेऊन जायचे. आज हायवेच्या कडेला टायरची दुकानं दिसतात ना रांगेने, तीच परंपरा म्हणा हवं तर!

मग रेल्वे आली, पण पनवेलला नाही. ती कल्याणवरून कर्जतकडे वळली. १८५६ मध्ये ती पळसदरीवरून खोपोलीला, म्हणजे घाटाच्या पायथ्याला पोचली. १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला घाट मात्र पाच वर्षं पालखी, तट्टू आणि पायी. खाली एक गाडी, वर एक गाडी आणि मध्ये माणसांच्या खांद्यावर माणसं.

हा मधला तुकडा जोडायचं काम १८५६ मध्ये सुरू झालं होतं. आकडे वाचून मी दोनदा परत तपासले. लांबी पावणेसोळा मैल, चढ १८३१ फूट, २५ बोगदे, ८ मोठे पूल. काही ठिकाणी तर ३७ फुटांना १ फूट असा चढ. बैलगाडीचा रस्ता डोंगरात हव्या तशा वेलांट्या घेऊ शकतो, आगगाडीला ते जमत नाही. तिला ऐसपैस वळण लागतं, आणि खंडाळ्याखालच्या कड्यावर वळायला जागाच नव्हती. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी त्यावर उपाय काढला तो असा, की जिथे वळता येत नाही तिथे वळायचंच नाही. सरळ सोंडेच्या टोकापर्यंत जायचं आणि थांबायचं. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडायचं. मग दुसऱ्या रुळावरून उलट्या दिशेने निघून पुढचा चढ गाठायचा. उतरतानाही तसंच. कसाऱ्याच्या थळ घाटातही असंच एक स्टेशन होतं.

म्हणजे आजीची गाडी खरंच मागे फिरली होती. झोप नव्हती, स्वप्न नव्हतं, भीतीने झालेला भास नव्हता. डब्यातल्या प्रत्येक माणसाने ते अनुभवलं असणार, फक्त इतरांना त्याचं कारण माहीत होतं.

हे कळल्यावर मी थांबायला हवं होतं खरं, पण मला त्या जागेची ओढच लागली. ती बांधली कुणी हेही वाचलं. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याच्या कामावर मजुरीवरून कुरबुरी झाल्या, आणि जानेवारी १८५९ मध्ये कर्जतच्या बाजूला मजुरांचा मोठा दंगा झाला. मग त्याने काम सोडलं. दुसरा सॉलोमन ट्रेडवेल. तो १८५९ मध्ये इंग्लंडहून आला आणि त्याच वर्षी आजारी पडून वारला. मग त्याची बायको, ॲलिस ट्रेडवेल, हिने कंत्राट पुढे चालवलं आणि ॲडमसन व क्लाउझर या दोन इंजिनियरांना हाताशी धरून ते पुरं केलं. १८६१ मध्ये घाटात ४२ हजार माणसं एका वेळी कामावर होती. पटकी, ताप, दरडी, सुरुंग. किती जण परत घरी गेले नाहीत, त्यांची नावं कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाहीत. ॲलिस बाईंचं नाव निदान सापडतं. तिच्या हाताखाली पाट्या वाहणाऱ्या बायकांतल्या एकीचंही सापडत नाही. खुद्द बर्कलीसुद्धा १८६२ मध्ये वारले, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. पुढच्या वर्षी, २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचं उद्घाटन झालं, ते बघायला ते नव्हते. आणि बांधलेलं सगळं टिकलंच असंही नाही. घाटातला एक मोठा दगडी पूल चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला.

बरं, हे स्टेशन गेलं कधी? माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न इथे येऊन ठेपत होता.

विसाव्या शतकात गाड्या लांब व्हायला लागल्या, वेळ महाग झाला. त्या सोंडेवर किती डबे मावणार याला मर्यादा, आणि प्रत्येक गाडीमागे इंजिन काढा-जोडायचा खोळंबा. मुंबई-पुणे मार्गावर वीज आणायचं ठरलं तेव्हा घाटातला हा भागही नव्याने आखला. नवे बोगदे खणले, गाडी सरळ जाईल असा मार्ग काढला, आणि १९२९ मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कल्याण ते पुणे विजेवर गाड्या धावू लागल्या. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. म्हणजे एवढी जुनी आपली दख्खनची राणी, पण तिनेही ते स्टेशन पाहिलेलं नाही!

आता हिशेब करा. आजीची गाडी मागे फिरली, तर ती उशिरात उशिरा १९२९ मधली. शारदा कायदा लागू झाला १९३० मध्ये. १९१८ च्या साथीत जन्मलेली मुलगी १९२९ मध्ये दहा पूर्ण करून अकराव्यात असते. "मला अकरावं लागलं होतं."

मी कागदावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. तिच्याकडे ना जन्माचा दाखला होता, ना शाळेचा. बोलायची सोय म्हणाल तर मुलगे मोठे झाल्यावर तीही फारशी उरली नव्हती. तिच्या बाजूने साक्ष द्यायला होतं ते एवढं एक मोडीत निघालेलं स्टेशन.

आता हे घरात सांगायचं कसं? पणजोबांना आम्ही कुणी पाहिलेलं नाही, पण त्यांचा अभिमान सगळ्यांना आहे, आणि तो काही खोट्यावर उभा नाही. त्यांनी पनवेलच्या कितीतरी मुलींना शाळेत आणलं हे खरंच आहे. शेवटी मी पुण्याच्या आत्याला फोन केला. आत्या म्हणजे आजीची थोरली मुलगी, आता सत्त्याऐंशी वर्षांची. ऐकायला जरा कमी येतं, पण डोकं लखलखीत. मी सगळं सांगितलं. स्टेशन, १९२९, कायदा. मला वाटलं रागावेल.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, ती दोनदा आली होती ना."

मला काही कळेना. मग तिने समजावलं. लग्न लहानपणी झालं, तेव्हा नवी नवरी चार दिवस सासरी राहिली आणि परत माहेरी गेली. नांदायला आली ती शहाणी झाल्यावर, चौदाव्या वर्षी. घरातल्या पुरुषांनी मोजलं ते नांदायला आल्यापासून. त्यांच्या लेखी संसार तिथून सुरू झाला. म्हणजे १९३२ खोटं नाही. पण ते लग्नाचं साल नाही.

"आणि दुसऱ्या खेपेचं तुला नाही वाटतं सांगितलं तिने?" आत्या म्हणाली. "मला सांगितलं होतं, माझं लग्न ठरलं तेव्हा. दुसऱ्यांदा येताना ती खिडकीत बसून वाट बघत होती, गाडी आता मागे फिरेल, मग फिरेल. गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आली ती सरळ पुढेच. कर्जत आलं तरी फिरली नाही. म्हणाली, तेव्हा मला कळलं की आता आपण इथलेच."

खरं सांगते, मी फोन ठेवला आणि गॅझेटियर-बिझेटियर सगळं बाजूला सारलं. मी चार महिने कागदांत जे शोधत होते, ते आत्याला गेली पासष्ट वर्षं माहीत होतं. फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि तिच्याकडे जे नव्हतं, ते कागदांत होतं. आईची गाडी पहिल्यांदा फिरली आणि दुसऱ्यांदा का फिरली नाही, हे तिला आयुष्यभर कोडंच होतं. १९२९ मध्ये मार्ग बदलला म्हणून, एवढंच उत्तर. मी ते तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आई बरोबर होती दोन्ही वेळा."

मधल्या एका रविवारी मी कर्जतहून लोणावळ्यापर्यंत मुद्दाम गाडीने जाऊन आले. कर्जतला मागून बँकर इंजिनं लागली, वडेवाल्यांची नेहमीची आरडाओरड झाली. जांब्रुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल. पाट्या वाचत गेले. त्यापुढे बोगदे लागतात आणि उजेड-अंधार, उजेड-अंधार करत गाडी खंडाळ्याला निघते. त्या काही मिनिटांत कुठेतरी ती सोंड राहून जाते. एक्स्प्रेसवेने जाणाऱ्यांनी अमृतांजन पॉइंटच्या आसपास डोळे उघडे ठेवले तर जुन्या मार्गाचं दगडी बांधकाम अजून दिसतं. तिथला १८३० चा गाडीरस्त्याचा पूल एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये रस्ता रिकामा होता तेव्हा पाडला. त्याच्यासाठी निदान पेपरांत हळहळ झाली. रिव्हर्सिंग स्टेशन गेलं तेव्हा कोण हळहळलं असेल? ते कुणाचंच गाव नव्हतं. प्रवाशांनी तर सुटलो म्हटलं असेल.

पनवेलला रेल्वे आली ती १९६० च्या दशकात, दिव्याकडून. आजी तेव्हा पंचेचाळिशीच्या पुढे होती. लोकल आली १९९८ मध्ये. आज पनवेल एवढं मोठं जंक्शन आहे की कुठली गाडी कुठल्या फलाटावर ते शोधता शोधता दम लागतो. कर्जतकडे जाणारा रूळही आता इथून आहे. आजीला बैलगाडीने जो रस्ता अख्खा दिवस लागला, तो आता तासाभराचाही नाही.

कुलवृत्तांताचा मजकूर परवा पाठवून दिला. आजीच्या नावापुढे लिहिलं: जन्म १९१८, विवाह १९२९ किंवा त्याआधी, सासरी वास्तव्य १९३२ पासून. चुलतभावाचा लगेच फोन आला. म्हणाला, तक्त्यात विवाहासाठी एकच रकाना आहे, 'किंवा त्याआधी' असं कसं छापू? आणि काकांना काय सांगू? मी म्हटलं, काकांना मी सांगते, आत्या माझ्या बाजूने आहे. आणि रकान्यात नसेल मावत तर खाली टीप दे. टीप मी लिहूनच पाठवली होती. दोन वाक्यांची आहे: "विवाहानंतर पुण्याहून पनवेलला येताना बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशनावर गाडीची दिशा बदलल्याचे त्या सांगत. हे स्टेशन १९२९ मध्ये बंद झाले."

तो म्हणाला बघतो. मी म्हटलं, बघू नकोस, छाप.